रांग भरली तर काय, हे आधी विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात मोबाइल, संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांविषयी बरेच छापून येते. मात्र ज्या संगणकांना पडदा नसतो, कळफलक नसतो आणि जे वर्षानुवर्षे एखाद्या यंत्राच्या पोटात बसून एकच काम करत राहतात, त्यांच्याविषयी फारसे लिहिले जात नाही. मी गेली अठरा वर्षे अशाच संगणकांसाठी फर्मवेअर, म्हणजे यंत्रात कायम बसवलेला प्रोग्रॅम, लिहिते. आपल्या वाचकांत अभियांत्रिकीचे विद्यार्थी, त्यांना प्रकल्पासाठी मार्गदर्शन करणारे शिक्षक आणि स्वतःची उपकरणे तयार करणारे लघुउद्योजक असतीलच. वरकरणी किरकोळ दिसणारा एक निर्णय पुढे त्यांना महागात पडू नये, या कळकळीने हे पत्र लिहीत आहे.

निर्णय आहे संदेशवहनाच्या लायब्ररीचा, म्हणजे आपल्या प्रोग्रॅमला जोडायच्या तयार कोडचा. रिअल-टाइम, म्हणजे ठरलेल्या वेळेत काम व्हावे यासाठी घडवलेल्या, ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या उपकरणात एक टास्क (प्रोग्रॅमचा स्वतंत्रपणे चालणारा भाग) संवेदकाचे वाचन घेते, दुसरे झडप किंवा मोटर हलवते, तिसरे बाहेरच्या जगाशी बोलते, आणि या सर्वांनी एकमेकांना निरोप पाठवायचे असतात. हे निरोप कसे बांधायचे, कुठे साठवायचे, कोणापर्यंत पोहोचवायचे आणि पोहोचले नाहीत तर काय करायचे, याची व्यवस्था लायब्ररी पाहते. बहुतेक गट ही निवड तासाभरात उरकतात. कोणाचा कोड किती किलोबाइटचा आणि कोण सेकंदाला किती संदेश पाठवते, असा तक्ता कुठेतरी मिळतो आणि त्यातले सर्वांत लहान किंवा सर्वांत वेगवान नाव उचलले जाते. आम्हीही एकदा तेच केले होते.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटाने पंपाचा एक नियंत्रक तयार केला. त्यात १२८ किलोबाइट रॅम होती. दर १० मिलिसेकंदांनी दाब वाचायचा, झडप किती उघडायची ते ठरवायचे आणि दाबाचा आकडा नेटवर्कवरून देखरेख करणाऱ्या संगणकाकडे पाठवायचा, एवढेच काम. निवडलेली लायब्ररी खरोखरच लहान होती आणि वापरायला इतकी सोपी, की संदेश पाठवण्याचे फंक्शन आम्ही थेट नियंत्रणाच्या टास्कमधूनच बोलावले. प्रयोगशाळेत तीन आठवडे यंत्र बिनतक्रार चालले. प्रत्यक्ष जागेवर बसवल्यानंतर मात्र चार-सहा दिवसांतून एकदा, तेही बहुधा रात्री, ते आपोआप रीसेट होऊ लागले.

दोष सापडला तो ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विद्युत संकेत पडद्यावर रेखाटणाऱ्या उपकरणावर. नियंत्रणाची फेरी सुरू झाली की चिपच्या एका पिनचा विद्युतदाब वर न्यायचा आणि फेरी संपली की खाली आणायचा, एवढाच कोड मी घातला. पडद्यावर कंगव्याच्या दातांसारखे एकसारखे स्पंद दिसू लागले, प्रत्येक दोन मिलिसेकंदांहूनही कमी रुंदीचा. मग यंत्राला धक्का न लावता नेटवर्कच्या पलीकडच्या टोकाचे उपकरण बंद केले. स्पंद तसेच चालू राहिले, एकही दात हलला नाही, आणि संशय चुकीचा म्हणून आम्ही दुसरीकडे वळणारच होतो. तेवढ्यात एक स्पंद वर गेला तो खाली आलाच नाही. सरळ रेषा पुढे सरकत राहिली, आणि एका सेकंदाने वॉचडॉगने, म्हणजे प्रोग्रॅम अडकला की यंत्र पुन्हा सुरू करणाऱ्या घड्याळाने, ते रीसेट केले.

मधल्या काळात काय घडत होते ते मागाहून उलगडले. पलीकडचे टोक निरोप न घेता नाहीसे झाले होते, त्यामुळे टीसीपीच्या, म्हणजे पोच घेत माहिती पोहोचवणाऱ्या नेटवर्कच्या नियमावलीच्या, दृष्टीने जोडणी अजून जिवंत होती. पाठवलेली माहिती आधी पाठवणीच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठवणीत) साठत गेली आणि तोवर सारे सुरळीत दिसले. बफर भरला तेव्हा नेटवर्क हाताळणारे टास्क जागा होण्याची वाट पाहत थांबले, आणि थांबताना लायब्ररीचे कुलूप (एका वेळी एकाच टास्कला आत सोडणारी सोय) हातात धरूनच थांबले. नियंत्रणाच्या टास्कने पुढचा संदेश पाठवायचा म्हणून तेच कुलूप मागितले, आणि उपकरणातले सर्वांत महत्त्वाचे टास्क सर्वांत बिनमहत्त्वाच्या कामामागे अडकून पडले. रात्री राउटर पुन्हा सुरू होत असे, म्हणून बिघाडही रात्रीच दिसायचा. लायब्ररीत दोष नव्हता. रांग, म्हणजे पाठवायच्या संदेशांची साठवण, भरली की लायब्ररी थांबणार, हे तिच्या माहितीपत्रात एका वाक्यात नमूद होते. आम्ही ते वाक्य वाचले नव्हते.

तेव्हापासून कोणतीही लायब्ररी समोर आली की माझा पहिला प्रश्न एकच असतो: रांग भरली तर काय? याची उत्तरे मोजकीच आहेत. पाठवणारा थांबतो, किंवा ठरावीक वेळ थांबून चूक परत देतो, किंवा नवा संदेश टाकून दिला जातो, किंवा जुना टाकून नव्याला जागा केली जाते. चारही वर्तने आपापल्या जागी योग्य आहेत. लायब्ररी यांतले नेमके काय करते हे आपल्याला ठाऊक नसणे, हा खरा धोका आहे. झिरोएमक्यू या संदेशवहनाच्या लायब्ररीचे उदाहरण बोलके आहे. तिथे एका सॉकेटच्या (संदेश ये-जा करण्याच्या टोकाच्या) रांगेची मर्यादा मुळात १००० संदेशांची धरलेली असते. मर्यादा गाठल्यावर प्रसारण करणारे सॉकेट संदेश गुपचूप टाकून देते, तर काम वाटून देणारे सॉकेट पाठवणाऱ्याला थांबवते. एकाच लायब्ररीत, सॉकेटच्या प्रकारानुसार, अगदी उलट वर्तन! शिवाय तिथे एका संदेशाची नोंदच ६४ बाइट घेते, म्हणजे १००० संदेशांच्या नुसत्या नोंदींना ६४,००० बाइट लागतील. सर्व्हरवर हा आकडा कोणाच्या लक्षातही येणार नाही. १२८ किलोबाइटच्या यंत्रात मात्र तो निम्मे घर व्यापतो. झिरोएमक्यू उत्तम लायब्ररी आहे, पण तिची घडण मोठ्या संगणकांसाठी झालेली आहे आणि पार्श्वभूमीला चालणारे स्वतःचे थ्रेड (कोडचे समांतर धागे) व मोकळ्या हाताने मिळणारी स्मृती ती गृहीत धरते.

रांग भरल्यावर काय व्हावे, हे ठरवण्याआधी संदेश कोणत्या जातीचा आहे ते ओळखावे लागते, आणि नेमके इथेच घोडे पेंड खाते. आमच्या पंपाचा दाब ही ‘ताजी स्थिती’ होती. दहा मिलिसेकंदांपूर्वीच्या दाबाला नवा आकडा आल्यावर काही किंमत उरत नाही, त्यामुळे जुना आकडा पुसून त्याच जागी नवा लिहिणे हेच योग्य. फ्रीआरटीओएस या रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एका संदेशाची रांग करून तिच्यावर पुनर्लेखन करण्याची सोय यासाठीच आहे आणि त्यात पाठवणाऱ्याला कधीही थांबावे लागत नाही. याउलट ‘आपत्कालीन बटण दाबले गेले’ ही ‘घटना’ आहे. ती पुसली जाऊन चालणार नाही आणि तिचा क्रमही बदलून चालणार नाही. या दोन्ही जातींचे संदेश एकाच रांगेत कोंबले की कोणतेही धोरण निवडले तरी एका जातीवर अन्याय होतो. झेफर या तशाच दुसऱ्या सिस्टिममधील झेडबस या संदेशवहनाच्या यंत्रणेने हा भेद चांगला ओळखला आहे. तिथे चॅनेलवर शेवटचा संदेश टिकून राहतो. साध्या सदस्याला चॅनेल बदलल्याची फक्त वर्दी मिळते, म्हणजे तो वाचायला पोहोचेपर्यंत मधले एखादे मूल्य निसटू शकते. संदेश-सदस्याला मात्र प्रत्येक संदेशाची प्रत मिळते. श्रोता म्हणून नोंदवलेले फंक्शन तर थेट प्रकाशकाच्याच, म्हणजे संदेश पाठवणाऱ्याच्याच, टास्कमध्ये चालते. हे न वाचता एखाद्याने श्रोत्यात लांबलचक काम घातले, तर तो वेळ प्रकाशकाच्या खात्यातून खर्च होतो.

यातून दुसरा प्रश्न निघतो: लायब्ररीचे काम कोणाच्या वेळेत चालते आणि तिचे कुलूप कोणत्या प्रकारचे आहे? याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पृथ्वीवरचे नाही. मार्स पाथफाइंडर हे यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले आणि हवामानाची माहिती गोळा करू लागल्यानंतर काही दिवसांत त्याचा संगणक पुनःपुन्हा रीसेट होऊ लागला. यानात व्हीएक्सवर्क्स ही रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम होती. हवामानाचे टास्क कमी प्राधान्याचे होते, त्याला माहिती पोहोचायची ती संदेशवहनाच्या पाइपमधून, आणि त्या यंत्रणेच्या आत एक म्युटेक्स, म्हणजे वर सांगितले तसलेच कुलूप, दडलेला होता. कमी प्राधान्याच्या टास्कने तो धरून ठेवला असतानाच मध्यम प्राधान्याची टास्के त्याला बाजूला सारून चालू लागत. बसवरील, म्हणजे यानातल्या सामाईक माहितीमार्गावरील, माहितीचे वाटप करणारे उच्च प्राधान्याचे टास्क त्याच म्युटेक्ससाठी अडून राही, आणि त्याचे काम वेळेत झाले नाही हे दुसऱ्या टास्कच्या ध्यानात आले की संगणक रीसेट केला जाई. प्राधान्याचा वारसा देण्याची, म्हणजे कुलूप धरणाऱ्याला तेवढ्यापुरते वरचे प्राधान्य बहाल करण्याची सोय त्या म्युटेक्सला होती, पण ती बंद ठेवलेली होती. अभियंत्यांनी पृथ्वीवरील प्रतिकृतीवर दोष पुन्हा घडवून आणला आणि ती सोय सुरू करणारा बदल मंगळावर पाठवला. यानाच्या कार्यक्रमकारांनी तो म्युटेक्स स्वतः लिहिलेला नव्हता, तो त्यांच्या कोडमध्ये दिसतही नव्हता, ही बाब मला सर्वांत बोधक वाटते. संदेश पाठवण्याच्या साध्या सोयीबरोबर तो आत आला होता.

म्हणून लायब्ररी घेताना तिचा ‘पोर्ट’, म्हणजे तिला ऑपरेटिंग सिस्टिमशी जोडणारा छोटा थर, ओळ न ओळ वाचावा. फ्रीआरटीओएसमध्ये म्युटेक्सला प्राधान्याचा वारसा मिळतो, बायनरी सेमाफोरला (टास्कांनी एकमेकांना इशारा देण्याच्या खुणेला) मिळत नाही, आणि बाहेरून दोन्ही जवळजवळ सारखेच वापरता येतात. कोणीतरी घाईत लिहिलेल्या पोर्टमध्ये ‘कुलूप’ या नावाखाली बायनरी सेमाफोर वापरलेला मी स्वतः पाहिला आहे. चाचण्या सगळ्या उत्तीर्ण होत होत्या. तसेच इंटरप्टमधून, म्हणजे हार्डवेअरने चालू काम मध्येच थांबवून चालवलेल्या कोडमधून, संदेश पाठवता येतो का, आणि येत असल्यास त्यासाठी वेगळे फंक्शन आहे का, हेही तिथेच कळते. फ्रीआरटीओएसमध्ये ते वेगळे असते आणि चुकीचे बोलावले तर यंत्र केव्हा कोसळेल याचा नेम नसतो.

आता ‘हलके’ या शब्दाविषयी. लायब्ररीच्या पहिल्या पानावर लिहिलेले किलोबाइट हे बहुधा फक्त तिच्या स्वतःच्या कोडचे असतात. इंटरनेटच्या मानकांत २०१४ साली छोट्या उपकरणांची जी प्रतवारी झाली, तिच्यातील ‘वर्ग १’च्या यंत्राकडे सुमारे १० किलोबाइट रॅम आणि १०० किलोबाइट कोडची जागा धरलेली आहे. दुसरीकडे टीएलएस या माहिती गुप्त ठेवून पाठवण्याच्या पद्धतीच्या एका रेकॉर्डमध्ये १६,३८४ बाइटपर्यंत मजकूर असू शकतो. येणाऱ्या आणि जाणाऱ्या दिशेला पूर्ण मापाचा एकेक बफर ठेवला तर ३२ किलोबाइटहून अधिक रॅम तिथेच संपते. हे माप कमी करता येते, पण पलीकडच्या सर्व्हरनेही ते मान्य करावे लागते. म्हणजे पाच किलोबाइटची लायब्ररी निवडल्याचे समाधान बाळगताना तिच्या खालचा टीसीपी, त्याच्यावरचा टीएलएस आणि प्रत्येक टास्कचा स्टॅक (त्याची कामापुरती राखीव स्मृती) यांची बेरीज केली नसेल, तर अंथरूण न पाहताच पाय पसरल्यासारखे होते.

रॅम किती लागते याइतकेच ती केव्हा मागितली जाते हेही पाहावे. प्रत्येक संदेशासाठी हीपमधून, म्हणजे मागेल तसा वाटल्या जाणाऱ्या सामाईक स्मृतीतून, तुकडा घेणारी आणि परत करणारी लायब्ररी पहिल्या दिवशी चोख चालते. पुढे लहानमोठ्या तुकड्यांनी हीपची चाळण होते. एकूण मोकळी जागा २० किलोबाइट दिसत असते आणि सलग एक किलोबाइट मात्र मिळत नाही. त्यातही असा तुकडा शोधायला किती वेळ लागेल याची कमाल मर्यादा सहसा सांगता येत नाही, आणि रिअल-टाइम कामात ज्याची कमाल माहीत नाही ते निरुपयोगी. ज्या लायब्ररीला आपण सुरुवातीलाच एक बफर नेमून देतो आणि जी पुढे एकाही बाइटसाठी हात पसरत नाही, ती कोडने दुप्पट मोठी असली तरी मी तीच घेईन. एमक्यूटीटी या संदेशपद्धतीसाठीची कोअर-एमक्यूटीटी ही लायब्ररी या पठडीतली आहे. त्याच पद्धतीसाठीच्या पाहो प्रकल्पाच्या एम्बेडेड सी आवृत्तीतला सर्वांत खालचा थरही फक्त पॅकेट बांधण्याचे आणि उलगडण्याचे काम करतो, बाकी सूत्रे आपल्या हातात ठेवतो. संदेशातला मजकूर बांधण्यासाठी नॅनोपीबी ही लायब्ररी याच कारणाने आवडते: संदेशातल्या रकान्यांची कमाल लांबी आधी ठरवली की सारी जागा स्थिरपणे आखली जाते.

बाहेरच्या जगाशी बोलण्यासाठी एमक्यूटीटी की कोॲप ही दुसरी संदेशपद्धत, हा वाद विद्यार्थी मला नेहमी विचारतात. एमक्यूटीटी १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत देखरेख ठेवण्यासाठी तयार केला. त्याच्या प्रत्येक पॅकेटच्या सुरुवातीचे स्थिर शीर्षक अवघ्या दोन बाइटचे असू शकते. कोॲपचे चार बाइटचे आहे, पण तो यूडीपीवर, म्हणजे स्वतः पोच न घेणाऱ्या हलक्या नियमावलीवर, चालतो, त्यामुळे टीसीपीचा भार टळतो. शीर्षकाच्या बाइटवरून निवड करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पोच मिळेपर्यंत संदेश कोण सांभाळतो ते पाहावे. एमक्यूटीटीच्या ‘नेमके एकदाच’ या पातळीला एका संदेशामागे चार पॅकेटांची देवघेव लागते आणि ती पूर्ण होईपर्यंत पाठवणाऱ्याला नोंद जपावी लागते. कोॲपमध्ये पोच मागितलेला संदेश ठरलेल्या मूल्यांनुसार चार वेळा पुन्हा पाठवला जातो आणि हार मानायला कमाल ९३ सेकंद लागू शकतात. तेवढा वेळ तो बफर अडकून राहतो. सेकंदाला एक वाचन पाठवणाऱ्या यंत्राने प्रत्येकाची पोच मागितली, तर पहिल्याचा निकाल लागेपर्यंत किती वाचने दाराशी तिष्ठत असतील याचा हिशेब सहज करता येतो. दाबासारख्या ताज्या स्थितीसाठी पोच मागूच नये.

एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. सगळी टास्के एकाच चिपवर असतील, तर पुष्कळदा बाहेरच्या लायब्ररीची गरजच नसते. ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची रांग पुरते. ६४ बाइटचे ३२ संदेश म्हणजे २,०४८ बाइट आणि वर थोडी नोंदीपुरती जागा, इतका उघड हिशेब दुसरीकडे क्वचित मिळतो. तिच्याही अटी आहेत. फ्रीआरटीओएसची रांग संदेशाची प्रत करते आणि ही प्रत क्रिटिकल सेक्शनमध्ये, म्हणजे बरेचसे इंटरप्ट रोखून धरलेले असताना होते. त्यामुळे एक किलोबाइटचा संदेश रांगेत घालणे वाईट. मोठा मजकूर आधीच राखून ठेवलेल्या स्मृतीच्या ठोकळ्यांपैकी एकात लिहावा आणि रांगेतून फक्त त्याचा पत्ता पाठवावा, आणि पत्ता पाठवल्यानंतर पाठवणाऱ्याने त्या ठोकळ्याला हात लावू नये. त्याच सिस्टिमचा मेसेज बफर अधिक चपळ असतो, पण तो एक लेखक आणि एक वाचक गृहीत धरतो. दुसरा लेखक आला की वेगळे कुलूप लागते, हे विसरल्यामुळे तुटलेले संदेश शोधण्यात आठवडे गेलेले मी पाहिले आहेत.

परवान्याविषयी थोडक्यात: अशा उपकरणांत लायब्ररी मुख्य प्रोग्रॅममध्येच मिसळून एकच फाइल तयार होते. त्यामुळे मोठ्या संगणकावर अडचण न करणारा परवाना इथे बंधने आणू शकतो. तो मजकूर पहिल्याच दिवशी वाचावा.

आमच्या पंपाची दुरुस्ती साधी होती. नियंत्रणाचे टास्क आता एका जागेच्या रांगेवर दाब लिहिते आणि निघून जाते. नेटवर्कशी बोलायला कमी प्राधान्याचे वेगळे टास्क आहे, ते कितीही थांबले तरी हरकत नाही. आता कोणतीही लायब्ररी स्वीकारण्याआधी आम्ही ती खऱ्या बोर्डावर चढवतो, पलीकडचे टोक बंद करतो आणि तीन दिवस तसेच ठेवतो. अधूनमधून ते काही मिनिटांसाठी सुरू करून पुन्हा बंद करतो, कारण पुन्हा जोडले जातानाच बरेच दोष बाहेर पडतात. त्या काळात पिनवरचा सर्वांत रुंद स्पंद, प्रत्येक टास्कच्या स्टॅकमध्ये उरलेली कमीत कमी जागा आणि हीपची आजवरची नीचांकी शिल्लक, असे तीन आकडे टिपतो. शेवटच्या दिवशीची शिल्लक पहिल्या दिवशीपेक्षा खाली घसरत असेल, तर लायब्ररी कितीही लोकप्रिय असली तरी ती परत जाते.

प्रकल्पांना मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे, की तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला ‘ही लायब्ररी का निवडली?’ एवढेच विचारून थांबू नये. त्याच्या फळ्यावरील आकृतीतल्या एखाद्या रांगेवर बोट ठेवावे, ही आता भरलेली आहे असे सांगावे, आणि पुढच्या १० मिलिसेकंदांत कोणते टास्क कुठे उभे असेल ते त्याला काढून दाखवायला लावावे.

आपली विश्वासू,
एक फर्मवेअर अभियंता